पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही

सुटे भाग आणून घरी कॉम्प्युटर जुळवला, बटण दाबलं, पंखे गरगरा फिरले, रॅमवरचे रंगीत दिवेही लागले, आणि मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. ओळखीतल्या पोरांचे मला जे फोन येतात त्यांतले निम्म्याहून अधिक याच तक्रारीचे असतात: डिस्प्ले येत नाही. त्याच्या पुढचा प्रश्नही ठरलेला: मदरबोर्ड जळला असेल का?

सहसा जळलेला नसतो. नव्या जुळणीत खरोखर मेलेला भाग मला फार क्वचित सापडला आहे. बहुतेक वेळा दोन धडधाकट भाग एकमेकांना ओळखत नसतात. ती ओळख पटल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही आणि चित्र तयार करायच्या टप्प्यावरच पोचत नाही. मग चूक काय आहे ते सांगणार कुठून? म्हणून पाच वेगवेगळ्या चुकांचं लक्षण एकच दिसतं, काळा पडदा. शिवाय एका वेळी एकच चूक असते असंही नाही. माझ्या भाच्याच्या मशीनमध्ये दोन होत्या, एकीमागे दुसरी लपलेली.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुमारास त्याने साठवलेल्या पैशांतून मशीन जुळवलं. मदरबोर्ड तापकीर गल्लीतून वापरलेला घेतला, बी४५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे भागांमधली देवाणघेवाण सांभाळणारी बोर्डावरची मुख्य चिप). प्रोसेसर ऑनलाइन सेलमधून नवा कोरा, एएमडीचा रायझन ५ ५६००. डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवायची वेगवान पट्टी) आणि एसएमपीएससकट, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यासकट, मिळालेलं कॅबिनेट. ग्राफिक्स कार्ड नंतर घ्यायचं ठरलेलं. रात्रभर खटपट करून सकाळी तो रिक्षात कॅबिनेट घालून माझ्याकडे आला. दारातच म्हणाला, “मामा, सॉकेट दोन्हींचा एएम४च आहे. मी बघूनच घेतलंय.”

त्याने बघितलं होतं, हे खरं. पण सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, जुळला म्हणजे प्रोसेसर बसतो एवढंच कळतं. तो चालेल की नाही हे सॉकेट सांगत नाही.

आधी बघायच्या गोष्टी

मशीन उघडल्यावर मी पहिल्यांदा प्रोसेसरची वीज बघतो. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनांचं, स्वस्त बोर्डावर ४ पिनांचं, एक वेगळं कनेक्टर असतं. मोठं २४ पिनांचं लावलं आणि हे राहून गेलं तरी पंखे फिरतात, दिवे लागतात. मशीन जिवंत दिसतं, पण प्रोसेसर उपाशीच असतो. त्या कोपऱ्यात कूलर बसवल्यावर हात शिरत नाही, म्हणून हे लावायचं राहतं. भाच्याने ते नीट लावलं होतं.

दुसरी रॅम. चार स्लॉट असतील आणि पट्ट्या दोन असतील तर प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. दाबताना टक् असा आवाज आला पाहिजे. नवी मुलं पट्टी मोडेल या भीतीने अर्धवट दाबतात. पट्टी वापरलेली असेल तर तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने पुसून, कचरा झटकून पुन्हा लावा. हा आपल्याकडचा जुना उपाय अजूनही बऱ्याचदा कामी येतो, कारण दमट हवेत त्या दातांवर थर बसतो. नव्या पट्टीला त्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट, मॉनिटरची केबल कुठे लावली आहे. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची, बोर्डाच्या एचडीएमआयला नाही. कार्ड नसेल तर प्रश्न असा की चित्र बनवणार कोण? बोर्डावर एचडीएमआयचं तोंड असतं ते नुसतं तोंड असतं. चित्र बनवायचं काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं, आणि ते प्रत्येक प्रोसेसरमध्ये नसतं.

भाच्याची पहिली चूक इथे सापडली. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. शेवटच्या एका अक्षराचा फरक. इंटेलमध्ये हेच उलट्या पद्धतीने लिहितात: आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, आय५-१२४००एफ मध्ये नाही. ‘एफ’ दिसलं की वेगळं कार्ड लागणार हे धरूनच चाला. एएम५ सॉकेटच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकांत बहुतेकांना कामापुरतं ग्राफिक्स असतं, पण ७५००एफ सारख्या ‘एफ’वाल्यांना तिथेही नाही. सेलमध्ये जो प्रोसेसर दीड-दोन हजारांनी स्वस्त दिसतो तो पुष्कळदा याच अक्षरामुळे स्वस्त असतो.

माझ्याकडे तपासणीसाठी ठेवलेलं एक जुनं जीटी ७१० कार्ड आहे. त्याला वेगळी वीज लागत नाही, स्लॉटमध्ये बसवलं की झालं. ते लावलं, केबल त्याला जोडली, बटण दाबलं. भाचा खुर्चीच्या टोकावर येऊन बसला होता. पडदा काळाच.

दिवा कुठे अडकलाय ते बघा

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर कडेला चार बारीक दिवे असतात आणि त्यांच्याशेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असं लिहिलेलं असतं. मशीन चालू होताना ते एकामागून एक लागून विझतात. जो लागून तसाच राहतो, तिथे गाडी अडली. हे दिवे न बघता लोक सगळे भाग काढून पुन्हा लावत बसतात याचं मला फार वाईट वाटतं. दोन तासांचं काम त्या दिव्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं. दिवे नसलेल्या बोर्डावर स्पीकरच्या पिनांना छोटा बझर लावा. किती वेळा वाजतो ते मोजून बोर्डाच्या पुस्तिकेत अर्थ बघा.

इथे एक मोठा अपवाद आहे. डीडीआर५ वाल्या मशीनवर, विशेषतः एएम५ वर, पहिल्यांदा चालू करताना डीरॅमचा दिवा बराच वेळ लागलेला राहू शकतो. बोर्ड त्या वेळी रॅमशी जुळवून घेत असतो. त्याला काही मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर आणखी. तेवढा वेळ पडदा काळा असतो आणि लोक घाबरून बटण दाबून बंद करतात, मग सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पहिल्या वेळी पंधरा मिनिटं मशीनला हात लावू नका.

भाच्याच्या बोर्डावर सीपीयूचा दिवा अडकला होता. वीज नीट, प्रोसेसरच्या पिना सरळ, तरीही सीपीयू. आता दुसऱ्या चुकीची शंका आली.

बायोसला हा प्रोसेसर माहीतच नव्हता

बी४५० चिपसेटचे बोर्ड २०१८ च्या जुलैमध्ये बाजारात आले. रायझन ५००० मालिका आली २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आणि त्यातला ५६०० हा तर २०२२ च्या एप्रिलमध्ये. बोर्डावरच्या चिपमध्ये बायोस नावाचा जो प्रोग्रॅम असतो, त्याला कुठले प्रोसेसर माहीत आहेत हे तो कधी लिहिला गेला यावर ठरतं. पहिल्या मालकाने २०१९ मध्ये बोर्ड घेऊन बायोस कधीच बदलली नसेल, तर २०२२ चा प्रोसेसर तिला परका. सॉकेटात चपखल बसेल, पण बोर्ड त्याला उठवणार नाही.

मग करायचं काय? काही बोर्डांवर मागच्या बाजूला ‘फ्लॅशबॅक’ नावाचं बटण असतं. ते असेल तर प्रोसेसर न लावताही बायोस बदलता येते: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेलं नाव फाइलला द्यायचं, तो ठरलेल्या यूएसबीच्या तोंडात लावून बटण दाबून ठेवायचं. फक्त २४ पिनांची आणि प्रोसेसरची वीज जोडलेली असली की पुरे. भाच्याच्या बोर्डावर हे बटण नव्हतं. तेव्हा जुना प्रोसेसर शोधणं आलं. माझ्या एका मित्राकडे रायझन ३ २२००जी पडून होता, तो संध्याकाळी आणला. त्यात ग्राफिक्स आहे आणि २०१८ चा असल्यामुळे बी४५० ला तो पहिल्यापासून ओळखीचा. लावला, आणि दहा सेकंदांत पडद्यावर बोर्डाचं नाव आलं. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या एका चाचणीने बोर्ड, रॅम, एसएमपीएस चालू असल्याचं कळलं. बायोसची तारीख २०१९ ची निघाली.

बायोस बदलताना तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. फाइल अगदी तुमच्याच बोर्डाची हवी, नावाबरोबर रिव्हिजनही, म्हणजे त्या बोर्डाची आवृत्तीही, जुळायला हवं. ते बोर्डाच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगळी फाइल लागू शकते. दुसरं, फाइलखाली लिहिलेली टीप पूर्ण वाचा. कधी मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते. कधी नव्या आवृत्तीत फार जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकलेला असतो, कारण जुन्या बोर्डांवरच्या चिपमध्ये सगळ्यांना पुरेल एवढी जागाच नसते. तिसरं, काम चालू असताना वीज जाता कामा नये. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे सगळ्यांना माहीत आहे, तरी गुरुवारीच हे काम काढणारे मी पाहिले आहेत. यूपीएसवर करा, आणि शक्यतो पाऊस-वारा नसताना.

बायोस बदलली, २२००जी काढला. हा प्रोसेसर काढताना सांभाळा: एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळली असेल तर कूलर उचलताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर वर येतो. पिना वाकतात त्या अशा वेळी. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून, वीज काढून, कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत सोडवा. नंतर जुनी पेस्ट पुसून नवी लावायची.

५६०० बसवला, जीटी ७१० लावलेलंच होतं. डिस्प्ले आला.

यातला एकच दोष दुरुस्त करून थांबलो असतो तर काय झालं असतं बघा. फक्त कार्ड आणलं असतं तरी पडदा काळाच राहिला असता आणि कार्ड खराब आहे असं वाटलं असतं. फक्त बायोस बदलली असती तरी तेच, आणि बोर्डावर संशय गेला असता. म्हणून घरात चालू असलेला एखादा खात्रीचा भाग आणून, एका वेळी एकच बदल करून बघा, आणि काय बदललं ते कागदावर लिहीत जा.

विकत घेण्याआधी कुठे बघायचं

प्रत्येक बोर्ड बनवणारी कंपनी आपल्या संकेतस्थळावर त्या बोर्डाच्या पानावर प्रोसेसरची यादी देते. त्यात एकेका प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि त्याच्यासमोर कुठल्या बायोस आवृत्तीपासून तो चालतो हे लिहिलेलं असतं. पैसे देण्याआधी ही यादी उघडा. प्रोसेसरचं नाव नसेल तर घेऊ नका. नाव असेल तर समोरची आवृत्ती वाचा आणि दुकानदाराला सरळ विचारा, “या बोर्डावर आत्ता कुठली बायोस आहे?” चांगला दुकानदार बदलून देतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत हे काम थोड्या पैशांत करून देणारे सापडतात. ऑनलाइन घेतलेल्या भागाच्या बाबतीत मात्र हे तुमचं तुम्हालाच करावं लागतं.

इंटेलच्या वापरलेल्या भागांत घोळ जास्त होतो. एलजीए ११५१ हा सॉकेट सहाव्या-सातव्या पिढीचाही आहे आणि आठव्या-नवव्याचाही. पण आठव्या-नवव्या पिढीला ३०० मालिकेचे चिपसेट लागतात आणि त्या बोर्डांवर सहावी-सातवी चालत नाही. भाग बसतो, चालत नाही, आणि इथे बायोस बदलूनही उपयोग नाही. एलजीए १२०० वरही असंच: एच४१० आणि बी४६० च्या सर्वसाधारण बोर्डांवर दहावी पिढी चालते, अकरावी नाही. काही सुधारित आवृत्त्यांवर अकरावी चालते, म्हणून पुन्हा तेच, रिव्हिजन बघा. एलजीए १७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी चालते, पण एच६१० किंवा बी६६० चा जुना साठा असेल तर तेरावी-चौदावीसाठी बायोस बदलावी लागू शकते.

एलजीए १७०० मध्ये रॅमचाही प्रश्न येतो. बी६६०, बी७६० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि नावात एवढासा ‘डी४’ असतो किंवा नसतो. दोन्ही पट्ट्यांना पिना २८८ च, पण मधली खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर करू नका, पट्टी फिरवून बघा, तरीही बसली नाही तर प्रकारच वेगळा आहे. एएम५ वर आणि इंटेलच्या एलजीए १८५१ वर फक्त डीडीआर५.

एसएसडी दिसत नाही ही तक्रार डिस्प्ले आल्यानंतरची. एम.२ हा बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीचा नुसता आकार झाला. त्या आकारात साटा (जुनी, हळू पद्धत) एसएसडीही येते आणि एनव्हीएमईही. स्लॉट फक्त एनव्हीएमई वाचणारा असेल तर साटाची पट्टी बसूनही दिसणार नाही. कधी एम.२ वापरला की साटाची एक-दोन तोंडं आपोआप बंद होतात आणि जुनी हार्डडिस्क गायब होते. पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं.

एसएमपीएसमध्ये काटकसर करू नका

भाचा आता ग्राफिक्स कार्ड बघायला लागला. मनात आरएक्स ६६०० होतं. ते कार्ड १३२ वॅटचं, त्याला ८ पिनांची एक केबल लागते. कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसला ती केबलच नव्हती. वर ठळक अक्षरात ४५० वॅट लिहिलं होतं. खालचा तक्ता वाचला तर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. गुणाकार करा: २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर जगतात, बाकीच्या आकड्यांचा त्यांना उपयोग नाही. खरेदी करताना डब्यावरचा मोठा आकडा सोडा आणि हा तक्ता वाचा.

मोलेक्सवरून, म्हणजे जुन्या ४ पिनांच्या वीज-जोडावरून, ८ पिन करून देणारे जोड बाजारात मिळतात. अशा एसएमपीएसवर ते लावू नका. गेम सुरू केला की मशीन झटकन बंद होणं किंवा रीस्टार्ट होणं, हे बहुधा इथूनच येतं, आणि तिथेच थांबलं तर नशीब समजा.

दोन केबली सारख्या दिसतात: प्रोसेसरची ४+४ आणि कार्डाची ६+२. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड (परतीची तार) यांच्या तारा उलट बाजूंना असतात. तोंडाचा आकार चुकीची जोडणी अडवतो, पण जोर लावणारे असतातच. अडलं तर थांबा. आणि मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या निघणाऱ्या, एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका, कंपनी तीच असली तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला पिनांची मांडणी ठरलेली नाही. तोंड बसतं, मशीन चालू होतं आणि हार्डडिस्क जळते. जळलेला भाग बघण्याची वेळ माझ्यावर आली ती अशा केबलींमुळेच.

मापांचं काम टेपचं आहे, त्यात फार सांगण्यासारखं नाही. टॉवर कूलर साधारण १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात. कॅबिनेटच्या माहितीत किती उंची चालते ते लिहिलेलं असतं. कार्डाची लांबी मोजताना पुढच्या पंख्याची जाडी वजा करा. एलजीए १२०० चा जुना कूलर एलजीए १७०० वर नेणार असाल तर भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालं आहे, वेगळं ब्रॅकेट लागेल.

घरच्या विजेबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा मधे दोन पिनांचा जोड लावलेला आहे. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर येते आणि तिला जमिनीत जायला वाट नसते. भाग बदलू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

भाच्याने कार्ड पुढे ढकललं आहे. आधी बरा एसएमपीएस घेणार, तोवर माझं जीटी ७१० त्याच्याकडे. कॅबिनेटच्या झाकणाला आतून त्याने एक कागद चिकटवला आहे. त्यावर बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन, बायोसची आवृत्ती, प्रोसेसरचं शेवटच्या अक्षरासकट नाव, रॅमचा प्रकार आणि कुठल्या स्लॉटमध्ये, एसएमपीएसच्या १२ व्होल्टसमोरचे अँपिअर. कुणाला मदतीसाठी फोन कराल तेव्हा एवढं सांगा, आणि त्याबरोबर कुठला दिवा लागून राहिला आहे तेही.